बाईंच्या बाजूला क्लच नव्हता

आम्हाला गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे हळूबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, पाठीमागे. शिकवताना त्यांच्या तोंडी एकच शब्द, 'हळू'. रस्ता मोकळा असो की भरलेला, शिकणारी वळत असो की सरळ जात असो, बाईंचं आपलं 'हळू' चालूच. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो बाई, गाडी बंद आहे!" तर म्हणतात, "म्हणूनच सांगते. चालूही हळूच कर." 

आधी माझी रडकथा सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी लाँड्रीत कामाला. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आमच्याकडे येतात. ते धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करून घड्या घालायच्या आणि परत पाठवायचे. लग्न झालं तेव्हापासून मी त्या वाफेत आणि ब्लीचच्या वासात उभी. मग जिना चढताना धाप लागायला लागली. मग सपाटीवर. शेवटी बोलता बोलता दम लागून मी गप्प बसायला लागले, तेव्हा मात्र आमचे हे घाबरले. मी गप्प म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हे त्यांना ठाऊक. धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं, "औषध देते, पण त्या वाफेतून बाहेर पडा. तिथंच उभ्या राहिलात तर औषधाचा काडीचा उपयोग नाही."

बाहेर पडा म्हणे! बाहेर पडून जाऊ कुठं? ह्यांचा कारखाना बंद झालेला, एका गोदामावर अर्धवेळ राखणीला जायचे, आणि लेक अजून शिकत होती. आमच्या लाँड्रीत वाफ नसलेली जागा एकच, व्हॅनच्या ड्रायव्हरची. आमचा जुना ड्रायव्हर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता. मी मालकिणीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "परवाना आण, सीट तुझी. पण तो जायच्या आत नाही आणलास तर मी बाहेरून माणूस घेणार. मी थांबेन गं, दवाखाना चादरींसाठी थांबत नाही." बाईमाणूस वाईट नाही, पण शब्दाला पक्की. त्यात व्हॅन गिअरची. जुनाट, हट्टी, पाच गिअरची व्हॅन. आणि मी? मला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

म्हणून मी हळूबाईंकडे गेले.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात लाकडी फळीवर ठोकलेली तीन पेडलं. नवीन बाई आली की आधी त्या फळीसमोर खुर्चीत बसवायची. क्लच दाब, सोड, दाब, सोड. खालून किल्लीवाला ओरडायचा, "बाई, छत पडेल हो!" बाई स्वतः तरुणपणी एका मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर पैसे घ्यायला बसायच्या. एक दिवस शिकवणारा माणूस भांडून निघून गेला, दारात एक आजी शिकायला येऊन उभी, म्हणून मालकानं बाईंना म्हटलं, आजचा दिवस तेवढं तुम्ही बघा. तो दिवस अजून संपलेला नाही. दुसऱ्या दिवशी ती आजी म्हणाली, मला हीच हवी, हिला ओरडता येत नाही. मग आजीची सून आली, सुनेची बहीण आली, आणि बाईंनी स्वतःचीच शाळा काढली. गावातल्या किती बायका त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकल्या याची गणती त्यांनी कधी ठेवली नाही.

शिकला नाही तो एकच माणूस, त्यांचे यजमान. बायकोच्या हाताखाली तीनदा नापास झाले आणि सायकल घेतली. ते अजून सायकलवर फिरतात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, "आमच्याकडे ड्रायव्हर आहे की."

मी गेले त्या वेळी बाईंचा डावा गुडघा साफ गेलेला होता. आयुष्यभर क्लच दाबून झिजला, वर जिन्यावरून पडायचं निमित्त झालं. पाय टेकवता यायचा, वाकवून जोर लावता यायचा नाही. शाळेच्या गाडीत त्या शेजारी बसून शिकवायच्या, तिथं त्या पायाची गरज क्वचित पडे. पण स्वतःची ये-जा कशी करणार? म्हणून त्यांच्या दिरांनी त्यांच्यासाठी जुनीच पण चांगली ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली होती. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला सुट्टी. दीर म्हणजे गॅरेजवाले. हात सोन्याचे, पण तोंड? विचारू नका. स्वतःची स्तुती करायला त्यांना दुसरा माणूस लागत नाही.

ती गाडी आली त्याची गंमत सगळ्या गल्लीला माहीत आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी यजमानांना बाजूला बसवलं आणि निघाल्या. पुढं सिग्नल आला. इतक्या वर्षांची सवय, डावा पाय आपोआप उठला आणि क्लच समजून जे पेडल सापडलं त्यावर दणकन पडला. ते होतं ब्रेकचं. गुडघ्यातून कळ गेली ती गेलीच, वर यजमानांचं कपाळ काचेला. ते कपाळ चोळत म्हणाले, "हळू." सगळ्या जन्मात त्यांना एवढी एकच संधी मिळाली, आणि त्यांनी ती सोडली नाही. तेव्हापासून बाई डावा पाय मागं सीटखाली घालून बसायला शिकल्या. त्या गाडीवर त्यांचा फार जीव. बाजार, दवाखाना, बहिणीकडे, आणि कधी काही काम नसलं तरी नदीपर्यंत जाऊन यायचं. म्हणायच्या, "पाय गेला तेव्हा वाटलं होतं, संपलं सगळं. या गाडीनं मला परत रस्त्यावर आणलं."

माझं शिकणं सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. शाळेची गाडी खाली उभी होती, आत कुणी नव्हतं म्हणून बरं. चढावर उभा केलेला एक पाण्याचा टँकर मागं घरंगळत आला आणि तिला भिंतीशी चेपून थांबला. हँडब्रेक न लावता चहाला गेलेला त्याचा ड्रायव्हर येऊन कपाळाला हात लावून उभा राहिला. बाई वरून खाली आल्या, गाडीकडे बघितलं आणि त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुला कुणी शिकवली रे गाडी? माझ्याकडचा नाहीस ना तू?" एवढंच. मी असते तर त्याच्या सात पिढ्यांची पूजा बांधली असती.

गाडी भंगारात गेली. विम्यातून जे मिळालं त्यात नवी सोडाच, धड जुनीसुद्धा येत नव्हती. बाईंनी मला आपल्या ऑटोमॅटिकवर शिकवायला घेतलं. रस्ता तरी शिक, म्हणाल्या, वळणं शिक, आरसे शिक. मी शिकलेही. पण आमच्याकडे नियम असा की परीक्षेला ज्या गाडीत बसाल तसाच परवाना. ऑटोमॅटिकवर पास झालात तर गिअरच्या गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे माझ्या कामाचा तो परवाना शून्य. बाहेरच्या शाळांत जागा नव्हत्या, होत्या तिथं नाव घालून वर्षभर थांबा म्हणत होते. मी बाईंच्या खोलीत बसून रडले. मला रडायला आवडत नाही, धाप लागते. पण रडले. म्हटलं, "जाऊ दे बाई, माझ्या नशिबातच वाफ आहे."

बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रड, पण हळू रड. खाली किल्लीवाला ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दिरांच्या गॅरेजमध्ये गेल्या. दीर एका टेम्पोखाली झोपलेले, नुसते पाय बाहेर. बाई त्या पायांनाच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या गाडीतला ऑटोमॅटिक काढून गिअर घालून द्या."

पाय हलायचे थांबले. मग पायांपाठोपाठ अख्खे दीर बाहेर आले.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. गुडघा नाही."

"तेच म्हणतोय मी! सगळं जग गिअर काढून ऑटोमॅटिक घेतंय आणि तुम्ही उलट्या निघालात! आणि चालवणार कोण ती? तुमच्यानं क्लच दाबला जातो का? मी रक्ताचं पाणी करून ही गाडी शोधली तुमच्यासाठी. तुमच्यासाठी, वहिनी!"

"माहीत आहे. आणि त्या दिवसापासून रोज तुमचं नाव घेते. पण आता मी शेजारीच बसणार. चालवायला या आहेत." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणखी दोघी थांबल्यात."

दिरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "यांच्यासाठी?"

"का हो, आम्ही काय रस्त्यावर पडलोय?" मी म्हटलं. धाप लागली तरी म्हटलं. पण आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की गाडीला क्लच बसला की बाईंना तिच्या चाकामागं परत बसता येणार नाही. मी लगेच म्हटलं, "बाई, नको. माझ्यासाठी नको."

बाई म्हणाल्या, "तू गप्प बस. तुझ्या एकटीसाठी नाही. शाळेला गाडी हवी, नाहीतर शाळा बंद."

दीर म्हणाले, ही विका आणि गिअरची घ्या. बाईंनी ते करून बघितलं होतं. एवढ्या जुन्या ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक जे देत होतं, त्यात अर्धी गाडीही आली नसती. दीर म्हणाले, हे काम सोपं नाही, दहा भानगडी असतात, मी करणार नाही. बाई उठल्या. "बरं. मग स्टेशनपलीकडच्या त्याच्याकडे देते. तो हो म्हणालाय." स्टेशनपलीकडचा म्हणजे दिरांच्याच हाताखाली शिकून वेगळा झालेला. त्याचं नाव निघालं की यांच्या अंगाचा तिळपापड होतो. "तो? तो तिचं वाटोळं करील! आणा ती चावी इकडे." तो हो बीर काही म्हणाला नव्हता, बाईंनी त्याला विचारलंही नव्हतं. हे मला त्यांनी बाहेर आल्यावर हसत सांगितलं.

दिरांनी भंगारवाल्याकडे त्याच जातीची गिअरची गाडी शोधून काढली. मागून पार चेपलेली, पण पुढचं सगळं शाबूत. ती ओढून गॅरेजमध्ये आणली आणि आमची तिच्या शेजारी उभी केली. म्हणाले, "हे अवयवदान आहे. एकीचं काढायचं, दुसरीला लावायचं. एक आठवडा." मी कामावरून सुटले की तिकडे जायची. आधी नुसतीच बघत उभी राहायची. मग दीर म्हणाले, "डाग काढता ना तुम्ही? मग हा काढा," आणि ग्रीस-मातीनं माखलेला गिअरबॉक्स माझ्यापुढं ठेवला. मी पण हट्टाला पेटले. रॉकेलचं घमेलं घेतलं, ब्रश घेतला आणि असा लख्ख केला की दीर दोनदा जवळून बघून गेले. चांगला झालाय म्हणतील तर शपथ. "पुसताना धागे सोडू नका," एवढं म्हणाले.

पण त्या माणसाचे उपकार आहेत हो माझ्यावर, खोटं कशाला बोलू. क्लच म्हणजे काय ते मला त्यांनी हातात देऊन दाखवलं. खोलीतल्या फळीवर मी शंभरदा पेडल दाबलं असेल, पण दाबल्यावर पलीकडे काय होतं ते कुठं माहीत होतं? त्यांनी एक जड गोल चकती इंजिनाकडची, एक पातळ खरखरीत चकती गिअरकडची, दोन्ही माझ्या तळहातांत दिल्या. "ही सारखी फिरतेय. ही उभी आहे. आता एकदम चिकटवा. काय झालं? हिसका. आता घासत घासत, हळूहळू चिकटवा. ही फिरायला लागली की नाही तिच्याबरोबर? बस. एवढंच आहे क्लच. बाकी सगळी तुमच्या पायाची अक्कल." मी ते दोन हात कितीतरी वेळ एकमेकांवर घासत बसले होते. बाई बाजूला स्टुलावर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बघा भाऊजी, शेवटी तुम्ही पण 'हळू' म्हणालात."

मग पेडलांची वेळ आली. जुनी दोन काढून नवी तीन बसवायची, क्लचच्या तारेसाठी पुढच्या पत्र्याला भोक पाडायचं. शिवाय शाळेच्या चेपलेल्या गाडीतून शिकवणाऱ्याच्या बाजूची जास्तीची जोडी काढून ठेवली होती, एक ब्रेक आणि एक क्लच. दीर ती बसवायला लागले तर बाई म्हणाल्या, "माझ्या बाजूला ब्रेक तेवढा बसवा. क्लच नको."

"अहो पण शिकवायच्या गाडीत..."

"डावा पाय माझा चालत नाही, उजवा ब्रेकवर हवा. क्लच कुठल्या पायानं दाबू? नुसतं दिसायला कशाला? ही बसेल माझ्या क्लचच्या भरवशावर, आणि ऐनवेळी मी देऊ शकणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ब्रेक माझ्याकडे आहे, म्हणजे तुला काही होणार नाही. क्लच तुझ्याकडेच आहे, म्हणजे गाडी तुलाच चालवायला लागेल. कळलं?"

मी मान हलवली.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. आमचा जुना ड्रायव्हर तिकडे निरोपाचे पेढे वाटायच्या गोष्टी करत होता आणि इथं एकेक भानगड निघत होती. शेवटी सगळं जुळलं, तेल भरलं, दिरांनी छाती फुगवून चावी फिरवली. गाडी मुकी. साधा टक् आवाज नाही. बॅटरी बदलली, स्टार्टर काढून तपासला, भंगारवाल्याला शिव्या दिल्या, मला शिव्या दिल्या. मी पण दोन परत दिल्या. दोन दिवस हेच. मग तिसऱ्या दिवशी, माझी सुट्टी होती, दुपारी डबा खाता खाता ते एकदम उठले, उष्ट्या हातानंच गाडीकडे गेले आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. ऑटोमॅटिक गाडी चालू होण्याआधी विचारते, दांडा 'पार्क'वर आहे का? तो दांडा तर दिरांनीच काढून फळीवर ठेवलेला! गाडी बिचारी विचारत होती आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्यांनी दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या. चावी फिरवली. लागली! गॅरेजमधले सगळे ओरडले, मीही ओरडले, आणि बाईंनी डोळे पुसले. "धूर गेला डोळ्यात," म्हणाल्या. धूर बीर काही नव्हता.

पण त्या जोडलेल्या तारांची एक गोम होती. आता गाडी काहीच विचारणार नव्हती. गिअर पडलेला असला तरी चावी फिरवली की सुटणार. हे दिरांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं, आणि तरी पहिली फसले ती मी. इतके दिवस ऑटोमॅटिकवर बसून डावा पाय सीटखाली घालायची सवय लागलेली. बसले, गिअर न बघताच चावी फिरवली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि तेलाचे रिकामे डबे चहूकडे उडाले. बाईंचा ब्रेक लागला तोपर्यंत एक डबा दिरांच्या पायापर्यंत गेला होता. मला वाटलं, आता हे मला कच्चं खाणार. त्यांनी डबा उचलला, जागेवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी क्लचच्या पेडलाला एक बटण बसवलं. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. "तुमच्यासारख्यांसाठी," म्हणाले. मी म्हटलं, "देव तुमचं भलं करो," आणि मनापासून म्हटलं.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. बाई मला रोज घेऊन बसायच्या, लाँड्रीत जायच्या आधी आणि तिथून आल्यावर. गाडी बंद पडायची, मागचे भोंगे वाजवायचे, मी रडकुंडीला यायची. पूर्वीच्या गाडीत असं झालं की बाईंचा उजवा पाय ब्रेक सोडून गुपचूप क्लच दाबायचा आणि मला वाटायचं मीच निभावलं. आता त्या नुसत्या बसायच्या. ब्रेक धरून, हात मांडीवर ठेवून. "भोंगा वाजवणाऱ्याला घाई आहे, तुला नाही. क्लच. चावी. हळू." एकदा पुलाच्या चढावर मी सहा-सात वेळा बंद पाडली असेल. एवढा वेळ ब्रेक धरून धरून त्यांचा तो चांगला पायही थरथरायला लागला. मला दिसला तो. मी म्हटलं, "बाई, तुमचा पाय." त्या म्हणाल्या, "माझ्या पायाकडे बघू नकोस, तुझ्या पायाकडे बघ. बघू पण नकोस. ऐक." मग मी ऐकलं. इंजिनाचा आवाज जरासा जड झाला, आणि हातात त्या दोन चकत्या आल्यासारखं वाटलं, घासत घासत एकमेकींना धरताहेत. गाडी चढावर आपणहून थांबून राहिली. बाईंनी ब्रेक सोडलेला होता.

परीक्षा घेणारे साहेब जाडजूड, मिशीवाले आणि अबोल. गाडीत बसले, पायाशी बघितलं, म्हणाले, "इकडे क्लच नाही?" मी म्हटलं, "नाही साहेब. तो माझ्याकडेच असतो." त्यांनी पुढं विचारलं नाही. वळणं झाली, मागं घेणं झालं. आणि चढावर, नेमका माझ्या पुढं एक ट्रक थांबला. मी थांबले. निघायच्या वेळी गाडी धडधडली आणि बंद पडली. डोळ्यांपुढं वाफच आली माझ्या. लाँड्रीतली, गरम, ब्लीचची. वाटलं, गेलं सगळं. मग हँडब्रेक ओढला. क्लच दाबला. चावी फिरवली. मागचा भोंगा वाजवत होता, वाजवू दे मेल्याला. क्लच सोडत आणला, आवाज जड झाला, हँडब्रेक सोडला, आणि गाडी चढली.

परत आल्यावर साहेबांनी कागदावर बराच वेळ लिहिलं. एवढं काय लिहितात कुणास ठाऊक. मग म्हणाले, "एकदा बंद पडली. पण घाबरला नाहीत. पास." माझा जीव भांड्यात पडला. साहेबांचे पाय धरायचे तेवढे ठेवले. गिअरचा परवाना! जुना ड्रायव्हर जायला अजून चार दिवस होते.

बाई आवाराच्या फाटकाशी बाकावर बसल्या होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. मी जाऊन त्यांच्या गळ्यात पडले. "बाई, तुम्ही माझा जीव वाचवलात. खरंच सांगते, जीव वाचवलात." त्या म्हणाल्या, "पुरे, पुरे. व्हॅन दामटू नकोस, जुनी आहे." आवारात इतर शाळांच्या गाड्या होत्या. परीक्षा झाली की शिकवणारे चाकामागं बसायचे, शिकणाऱ्या बाजूला, आणि गाडी भुर्रकन निघायची. आमची तेवढी उभी होती. बाई उठल्या, लंगडत गाडीशी गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. मला म्हणाल्या, "घरी सोडशील मला?" बाईंनी मला आजवर दाब, सोड, वळ, थांब सगळं सांगितलं होतं, पण असं कधी विचारलं नव्हतं.  मी चाकामागं बसले.

मी गाडी रस्त्यावर काढली. दुपारची वेळ, रस्ता बऱ्यापैकी रिकामा. मी वाट बघत होते, आता 'हळू' येईल, मग येईल. नाही आलं. पुढच्या चौकात थांबले तेव्हा बघितलं तर बाईंनी चपला काढून पाय लांब केले होते, ब्रेकपासून दूर. डोकं मागं टेकलेलं, तोंड जरासं उघडं. झोपल्या होत्या. माझ्या शेजारी बसून, मी चालवत असताना, गाढ झोपल्या होत्या.

सिग्नल सुटला. मी क्लच दाबला, पहिला टाकला, सोडत आणला. दुसरा. तिसरा. बाईंची मान जराही हलली नाही. त्यांच्या घराची गल्ली आली, यजमानांची सायकल दाराशी लावलेली दिसली. मी तिथं थांबले नाही. तशीच पुढं गेले आणि गाडी नदीच्या रस्त्याला घेतली.